बारावीनंतर चित्रकला : जे.जे.लाच जायचं का?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच. परवा एक ओळखीचे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "पोरगं चित्रं झकास काढतंय. मुंबईला जे.जे.ला घालू, का हितंच कोल्हापुरात?" प्रश्न त्यांना नवा वाटला. आपल्या गावाला तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. हेतू मोठे चित्रकार घडवायचा नव्हता बरं का! इथल्या कारागिरांचा हात सुधारावा, हा होता. सरकारी कलाशाळा तेव्हा देशात मोजून चार : मद्रास, कलकत्ता, मुंबई आणि नंतर लाहोर. म्हणजे आपल्या पोरांना मुंबईच जवळची.

आबालाल रहिमान तिथं गेले. १८८८ साली व्हाइसरॉयचं पदक मिळवलं आणि कोल्हापूरला परत आले. पुढं शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. आयुष्यभर रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत राहिले. मुंबईत राहते तर नाव आणि पैसा जास्त मिळाला असता, असं लोक म्हणतात. असेलही. पण मग कोटितीर्थावरचा तो उजेड कुणी पकडला असता?

धुरंधर मास्तरांचं उलट. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरचेच, १८९० साली जे.जे.त विद्यार्थी म्हणून शिरले. तिथंच शिक्षक झाले आणि १९३१ला निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. परत आलेच नाहीत म्हणा ना.

आणि तिसरे बाबूराव पेंटर. कुठल्याच आर्ट स्कूलात गेले नाहीत. मिस्त्री घराणं, सुतारकाम, मूर्तिकाम घरातच. आतेभाऊ-मामेभाऊ काय असेल ते, पण आनंदराव आणि ते जोडीनं नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढं कॅमेरा स्वतः जुळवला आणि १९२०ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. व्ही. शांताराम त्यांच्याच कंपनीत शिकले. कॉलेज नव्हतं, पण शाळा होतीच की, कारखान्यासारखी.

मात्र "बाबूराव कुठं शिकले होते?" असं म्हणून कुणी पोराला घरी बसवू नये. त्यांच्याभोवती नाटक कंपन्या होत्या, पडद्यांना गिऱ्हाईक होतं. आज तसं घर कितीजणांचं आहे? नोकरीला, विशेषतः शिक्षकाच्या, कागद लागतो. म्हणून आधी बघा अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, आणि ती पदवी आहे की पदविका. जे.जे. आता अभिमत विद्यापीठ आहे, तिथली फी आणि प्रवेशाची पद्धत यंदाची विचारून घ्या, जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मुंबईत राहण्याचा खर्च तर फीच्या वर.

कोल्हापुरात दळवीज आहे, कलानिकेतन आहे. पुण्यात अभिनव, नागपूरला, संभाजीनगरला सरकारी कॉलेजं आहेत. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र करायचंय तर आपल्याकडं ती परंपरा जिवंत आहे. ॲनिमेशन, जाहिरात, मांडणशिल्प असलं काही डोक्यात असेल तर मोठ्या शहराचा विचार करा.

त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो, कॉलेज सुरू असताना पोराला घेऊन दोन्हीकडं एकेक दिवस जाऊन या. वर्गात मास्तर स्वतः ब्रश हातात घेतो का, ते त्यालाच बघू द्या. पुढच्या आठवड्यात ते मुंबईला निघालेत.