सुती कापडाच्या रंगातून मेंदूच्या प्रतिमेकडे

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे एका मृत रुग्णाच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन केले, ते सूक्ष्मदर्शकाखालील पातळ कापांवरून. आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे खात्रीशीर निदान बहुधा शवविच्छेदनानंतरच होत राहिले. अशा कापांत अमायलॉइडचे, म्हणजे चेतापेशींबाहेर साचणाऱ्या प्रथिनाचे, पुंजके ओळखण्यासाठी पुढे जे काँगो रेड वापरात आले, ते मुळात सुती कापड रंगवण्याचे द्रव्य होते.

जिवंत मेंदूच्या प्रतिमा मिळत नव्हत्या असे नाही. सीटी स्कॅनने १९७० च्या दशकात आक्रसलेला मेंदू दाखवला, तर शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य कोठे जमते हे टिपणाऱ्या पेट स्कॅनने पुढच्या दशकात ग्लुकोजचा वापर कोठे मंदावला ते दाखवले. परंतु हे आजाराचे परिणाम होते, पुंजके नव्हेत.

पुंजक्यांपर्यंत पोहोचण्याची वाट पिट्सबर्ग विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ विल्यम क्लंक आणि रसायनशास्त्रज्ञ चेस्टर मॅथिस यांनी शोधली, आणि या इतिहासातील खरे कसब तेथेच आहे. काँगो रेडसारखे विद्युतभारित रेणू रक्तातून मेंदूत शिरताना रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या तटापाशीच अडत. म्हणून त्यांनी अमायलॉइडलाच चिकटणाऱ्या थायोफ्लेविन-टी या पिवळ्या रंगद्रव्याच्या रेणूवरील धनभार काढून टाकला आणि त्यात कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू बसवला. पिट्सबर्ग कंपाउंड-बी या नावाने ओळखले जाणारे हे द्रव्य माणसावर प्रथम वापरले गेले ते मात्र अमेरिकेत नव्हे, तर २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे. सौम्य आजाराचे १६ रुग्ण आणि ९ निरोगी व्यक्ती यांच्यावरील निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्बन-११ ची किरणोत्सारिता दर वीस मिनिटांनी निम्मी होत असल्याने ते तयार करणारा सायक्लोट्रॉन हाताशी असलेल्या केंद्रांपुरतीच ही तपासणी मर्यादित राहिली, आणि सुमारे ११० मिनिटांचे अर्धायुष्य असलेल्या फ्लोरिन-१८ च्या द्रव्यांनी ही अडचण बरीचशी दूर केली.

लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी अमायलॉइड साचू लागते, हे या प्रतिमांमुळे जिवंत माणसांत पाहता आले; पण स्मरणशक्ती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही तेच पुंजके आढळले, ही बाब उत्साहाच्या भरात मागे पडता कामा नये. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये फ्लोरिन-१८ युक्त फ्लोरबेटापिरला मान्यता देताना, केवळ पुंजके दिसले म्हणून अल्झायमरचे निदान ठरत नाही, असे स्पष्ट नमूद केले.