इंजिन चालले, कंपनी बुडाली : छोट्या विमानांच्या डिझेल इंजिनांची कहाणी

वैमानिक होऊ इच्छिणारा विद्यार्थी ज्या छोट्या विमानात पहिले धडे गिरवतो, त्याच्या इंजिनाचा मूळ आराखडा बहुधा १९५०च्या दशकातला असतो. हवेने थंड होणारे, मॅग्नेटोच्या ठिणगीवर चालणारे हे पेट्रोल इंजिन ‘अ‍ॅव्हगॅस १०० एलएल’ या इंधनावर चालते. इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून त्यात आजही शिशाचे संयुग मिसळतात. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० साली हद्दपार झाले; विमानाच्या पेट्रोलमधून अद्याप झालेले नाही.

वास्तविक पर्याय जुना आहे. डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्यामुळे शिसे लागत नाही, इंधन कमी जळते आणि जेट विमानांचे सर्वत्र मिळणारे केरोसीनही चालते. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या विमानी डिझेल इंजिनाला १९३० साली प्रमाणपत्र मिळाले. १९३१ मध्ये ते बसवलेले विमान हवेत इंधन न भरता सलग ८४ तास ३२ मिनिटे उडत राहिले. हा विक्रम पुढे पन्नासहून अधिक वर्षे टिकला. इंजिन मात्र टिकले नाही. धुराचा वास, कंपने, मुख्य अभियंता लायोनेल वूल्सन यांचा विमान अपघातात झालेला मृत्यू आणि जागतिक मंदी यांपुढे कंपनीने काही वर्षांतच हा उद्योग गुंडाळला.

यापुढच्या प्रयत्नांचे भवितव्य समजून घ्यायचे तर बाजारपेठेचा आकार पाहावा लागतो. १९७८ साली अमेरिकेत सुमारे १७,८०० छोटी विमाने तयार झाली. १९९४ मध्ये हा आकडा हजाराच्याही खाली आला. मोठी मोटार कंपनी एवढ्या गाड्या एका दिवसात बनवते. इंजिनाच्या चाचण्या, प्रमाणपत्र आणि सुटे भाग यांचा खर्च मात्र विक्री कमी म्हणून कमी होत नाही. पोर्शेसारख्या नामवंत कंपनीने १९८०च्या दशकात आपल्या मोटारीच्या इंजिनावरून विमानाचे इंजिन बेतले. मूनी कंपनीने ते बसवलेली जेमतेम चाळीसेक विमाने विकली. १९९१ मध्ये पोर्शेने उत्पादन थांबवले.

या साऱ्या अडचणी एकत्र दिसतात त्या जर्मनीच्या थिलर्ट कंपनीच्या कहाणीत. मर्सिडीजच्या ‘ए-क्लास’ मोटारीचे १.७ लिटरचे डिझेल इंजिन घेऊन या कंपनीने १३५ अश्वशक्तीचे ‘सेंच्युरियन’ इंजिन घडवले. मोटारीचे इंजिन वेगाने फिरते, पंखा तुलनेने सावकाश फिरावा लागतो. म्हणून मध्ये गिअरबॉक्स आला. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा धक्का तीव्र असतो, तो पंख्यापर्यंत पोहोचू नये म्हणून क्लचची योजना झाली. इंधनाचे नियमन संगणकाकडे गेले आणि वैमानिकापुढे एकच दांडा उरला. ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीने या इंजिनांवर ‘डीए-४२’ हे दोन इंजिनांचे विमान उभे केले. २००४ मध्ये त्याने न थांबता अटलांटिक महासागर ओलांडला. २००५ मध्ये थिलर्टचे समभाग फ्रँकफर्टच्या बाजारात आले.

पण वापरातून उणिवा पुढे येऊ लागल्या. गिअरबॉक्स दर ३०० तासांनी उतरवून तपासावा लागे. जुनी इंजिने साधारण २,००० तासांनंतर दुरुस्त करून पुन्हा वापरता येत. हे नवे इंजिन सुरुवातीच्या नियमानुसार १,००० तासांनी बदलावेच लागे. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील स्पायर येथे एका डीए-४२ विमानाने उतरलेल्या बॅटरीनिशी उड्डाण केले. चाके आत घेताना विजेचा दाब क्षणभर घसरला, नियंत्रक संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि तेवढ्यात दोन्ही इंजिने थांबली. दोष दुरुस्त होण्याजोगा होता. पण हमीचा बोजा कंपनीवरच होता. त्यातच हिशेबांतील कथित गैरव्यवहारांची चौकशी सुरू झाली. एप्रिल २००८ मध्ये थिलर्टने दिवाळखोरीचा अर्ज केला.

खरा फटका बसला तो विमानमालकांना आणि प्रशिक्षण संस्थांना. दिवाळखोरीच्या व्यवस्थापकाने जुन्या हमी नाकारल्या, सुट्या भागांचे दर वाढवले. धडधाकट विमाने जमिनीवर बसून राहिली. डायमंडने ऑस्ट्रो ही स्वतःची इंजिन कंपनी पुढे आणली आणि २००९ मध्ये तिच्या इंजिनाला प्रमाणपत्र मिळाले. थिलर्टचा व्यवसाय २०१३ मध्ये चीनच्या सरकारी ‘एव्हिक’ समूहाने घेतला. अमेरिकेची कॉन्टिनेंटल इंजिन कंपनी त्याने त्याआधीच विकत घेतली होती. २०१७ मध्ये डायमंड आणि ऑस्ट्रोही वानफेंग या चिनी समूहाकडे गेल्या. युरोपच्या अभियंत्यांनी सोडवलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने धीर आणि भांडवल असलेल्याच्या हाती गेले.

सगळेच बुडाले असे नाही. अमेरिकेतील डेल्टाहॉक कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या डिझेल इंजिनाला प्रमाणपत्र मिळाले ते २०२३ मध्ये. दरम्यान सत्तावीस वर्षे गेली. इतका काळ थांबणारा गुंतवणूकदार विरळाच.

या इतिहासाशी भारताचा संबंध दूरचा नाही. फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आणि गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील प्रशिक्षण संस्था डायमंडची विमाने वापरतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘हंसा’ विमान ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स इंजिनावर उडते. ‘तापस’ या मानवरहित विमानासाठीही ऑस्ट्रोचे इंजिन घ्यावे लागले. म्हणूनच अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) वाहन संशोधन व विकास संस्थेने सुमारे १८० अश्वशक्तीचे स्वदेशी डिझेल इंजिन घडवण्याचे काम हाती घेतले. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणले. त्याने आयातीचा प्रश्न हलका होतो, शिशाचा नाही.

थिलर्टच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. इंजिन चाचणीत उत्तीर्ण होते, तेव्हा खर्चाचा खडतर टप्पा सुरू होतो. सुटे भाग, दुरुस्ती केंद्रे, हमीसाठी राखीव निधी आणि दहा-पंधरा वर्षे खरेदी करत राहणारा ग्राहक यांची तरतूद आराखड्याबरोबरच व्हायला हवी. लष्कर, सरकारी अकादमी आणि खासगी प्रशिक्षण संस्था मिळून असा ग्राहक भारतात उभा राहू शकतो. तो राहिला नाही, तर स्वदेशी इंजिनही चाचणीच्या चौथऱ्यावर उत्तम चालेल आणि तिथेच थांबेल.