सैरंध्री (मूकपट) : कीचकवधाचा प्रसंग

सैरंध्री : कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. पहिले प्रदर्शन ७ फेब्रुवारी १९२० रोजी, पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात.

कथा महाभारताच्या विराटपर्वातली. पांडवांच्या अज्ञातवासाच्या वर्षी द्रौपदी विराट राजाची राणी सुदेष्णा हिची सैरंध्री, म्हणजे दासी, होऊन राहते, भीम बल्लव नावाने मुदपाकखाना सांभाळतो. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्या मागे लागतो. राजसभेतही तिला दाद मिळत नाही. मग ती कीचकाला रात्री नर्तनशाळेत बोलावते. अंधारात तिच्या जागी भीम असतो. कीचकाच्या देहाचा अक्षरशः गोळा होतो. सकाळी सैरंध्री सांगते, माझ्या गंधर्व पतींनी त्याला मारले. मारणाऱ्याचे नाव कोणालाच कळत नाही. ते कळले असते तर अज्ञातवास मोडला असता.

या वधाला मराठी मुलखात आधीच राजकीय अर्थ आला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातला कीचक म्हणजे ब्रिटिश व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी लगेच ओळखले. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी तोच वध पडद्यावर आला. नाटकात सरकारला झोंबले ते शब्द. मूकपटात बोलणेच नव्हते, तरी वधाचे दृश्य इतके थेट होते की त्याला कात्री लागली. यात पेंटरांच्या हाताचा वाटा मोठा मानला पाहिजे. ते मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे; चित्रीकरणाचा कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच घडवला होता. शिवाय स्त्रीभूमिका पुरुषांकडून करवून घेण्याच्या काळात त्यांनी गुलाबबाई (कमलादेवी) आणि अनसूयाबाई (सुशीलादेवी) यांना पडद्यावर आणले. बाईच्या अब्रूभोवती फिरणाऱ्या या कथेत हा निर्णय मोलाचा होता. त्यासाठी या दोघींना समाजाचे किती ऐकून घ्यावे लागले असेल, याची आज कल्पनाच करावी.

लोकमान्य टिळकांनी हा मूकपट पाहून पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक वारले.

मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. कापलेला वध गेला, आणि न कापलेला भागही.