बर्फातलं बिऱ्हाड

डोळे एवढ्यात उघडू नका. आधी नाक जागेवर आहे का ते चाचपून बघा. पांघरुणाबाहेर तेवढंच राहिलंय आणि ते आता आपलं वाटत नाही. अंगावर दोन ब्लँकेटं, त्यांवर आईने शिवून दिलेली गोधडी, सगळ्यात वर यजमानांचा ओव्हरकोट. पायाशी रबरी पिशवी आहे. रात्री तिने चटका दिला होता, आता तिच्यातलं पाणी गारढोण झालंय. दोन्ही मुलं दोन बाजूंना बिलगलेली, त्यामुळे कूस बदलायची सोय नाही.

आज बुधवार, २३ जानेवारी १९६३. तुम्ही लंडनमध्ये आहात. एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांची रांग, त्यातल्या एका घराचा वरचा मजला, दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा गेल्या १ जुलैपासून लागू झाला. त्याच्या आत पोहोचायचं म्हणून मुलांना घेऊन घाईघाईने गिरगावातून निघालात. चाळीतल्या एका खोलीतून थेट दोन खोल्या! पत्रांतून सगळ्या गोतावळ्याला कळवूनही झालं. त्यातली दुसरी खोली नाताळानंतर लगेच बंद करावी लागली. तिच्या दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबलेत आणि चौघांचा संसार पुन्हा एका खोलीत आलाय.

आता उठा. रॉकेलचा हीटर पेटवायचा आहे. वात कातरा, समान करा, ज्योत निळी होईपर्यंत तिथून हलू नका. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको, रॉकेलच्या स्टोव्हवर अर्धं आयुष्य गेलंय. खालची घरमालकीण मात्र या हीटरला घाबरते आणि तिचं चुकत नाही. असल्या हीटरनी घरं पेटायला लागली तेव्हा १९६० साली सरकारला त्यांच्या दर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणून हीटर दाराच्या वाटेत ठेवायचा नाही, पेटता असताना उचलायचा नाही आणि मुलांचे ओले मोजे त्याच्यावर वाळत घालायचे नाहीत. शेवटचा नियम घरात रोज मोडला जातो.

थोरला खिडकीशी गेलाय. काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी धरलीय. नखाने खरवडून त्याने रुपयाएवढं भोक पाडलं आणि त्याला डोळा लावला. या नक्षीतलं निम्मं पाणी त्या हीटरचं आहे. एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत जातं. धुराडं नसलेल्या हीटरची ती वाफ खोलीतच राहते आणि गार काच, गार भिंत दिसली की तिथे बसते. ऊब हवी तर ओल घ्यावी लागते. ओल नको म्हणून खिडकी किलकिली करावी, तर ऊब जाते. तुम्ही दिवसातून दोनदा, मोजून पाच मिनिटं खिडकी उघडता. मुलं तेवढा वेळ पांघरुणात.

“अहो, रॉकेल आज रात्रीपुरतंच आहे.”

“येताना आणतो. दुकानासमोर रांग असेल, उशीर झाला तर काळजी करू नकोस.” यजमान ओव्हरकोटाच्या आत वर्तमानपत्राचे दोन ताव छातीशी धरून बटणं लावतात आणि कॅन उचलतात.

खाली दारात दूध आलंय. बाटलीतलं दूध गोठून फुगलंय, दोन बोटं मलईचा खांब काचेबाहेर निघालाय आणि चंदेरी बूच त्याच्यावर तिरक्या टोपीसारखं बसलंय. बुचाला भोकं पडलीत. ब्लू टिट नावाचे चिमुकले पक्षी पहाटेच मलई खाऊन गेले. मलई चमच्याने काढून टाका, उरलेलं उकळा. या थंडीत पक्ष्यांनाही कुठे काही मिळत नाही.

नळ मात्र कोरडा आहे. या घरांचे पाइप बाहेरच्या भिंतीवरून आणि माळ्यावरून फिरवलेले. इथला हिवाळा बहुधा ओला आणि मवाळ असतो, तो असा वागेल हे बांधणाऱ्याने धरलंच नव्हतं. परसातल्या संडासाच्या टाकीखाली घरमालकिणीने छोटा रॉकेलचा दिवा रात्रंदिवस तेवत ठेवलाय, म्हणून निदान ती टाकी वाहती आहे. प्यायचं पाणी कोपऱ्यावर उभ्या केलेल्या सार्वजनिक नळावरून आणायचं. बादल्या, किटल्या घेतलेल्या इंग्रज बायका रांगेत अवघडून उभ्या आहेत. तुम्ही हंड्यासारखी बादली कमरेवर घेता आणि सराईतपणे नंबर लावता. पाण्याची रांग म्हणजे तर माहेरच!

रांगेत बोलणं हवेचंच. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला बर्फ सुरू झाला. २९ आणि ३० तारखेच्या वादळाने नैर्ऋत्य इंग्लंड आणि वेल्समध्ये वीस-वीस फुटांचे ढीग लावले, गावंच्या गावं तुटली. केंटच्या किनाऱ्यावर, हर्न बेला, समुद्र गोठलाय. टेम्स वरच्या अंगाला इतकी गोठली की काल ऑक्सफर्डला कुणीतरी तिच्यावरून मोटार नेली. उत्तरेकडे हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसलाय. त्यामुळे अटलांटिकवरून येणारे उबदार पश्चिमी वारे अडलेत आणि युरोपातून, रशियाच्या बाजूने कोरडा गार वारा आत येतोय. “सत्तेचाळीस साली याहून वाईट होतं,” एक म्हातारी सांगते, “तेव्हा कोळसाच नव्हता.” रांग तिच्याकडे आदराने बघते.

तुम्ही आजच्या काळातून गेला आहात, म्हणून तुम्हाला पुढचंही ठाऊक आहे. इंग्लंडच्या मध्य भागात या महिन्याची सरासरी उणे २.१ अंश निघणार आहे, १८१४ नंतरचा सगळ्यात थंड जानेवारी. आणि अजून सहा आठवडे हे असंच चालणार आहे. पण गप्प बसा. बादली भरा आणि घसरू नका.

दुपारी देशाहून आलेलं पत्र वाचायला घ्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं तिकडे सगळे म्हणतात, हे मामींनी लिहिलंय. चीनशी सुती कपड्यांत बर्फात लढलेल्या जवानांसाठी त्या स्वेटर विणताहेत. पुढे काळजी आहे: ‘तिकडे फार गारठा म्हणतात. इथेही मागल्या वर्षी काय कुडकुडलो होतो!’ मागल्या वर्षी, २२ जानेवारीला, सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईचा तो विक्रम. इथे ७.४ अंश झाले तर आज लोक कोट काढून फिरतील. उत्तरात तसं लिहू नका. लिहा, ‘आम्ही सगळे एकत्र असतो, ऊब असते.’ ते खोटंही नाही.

गॅसचं मीटर शिलिंग खातं. चहाच्या रिकाम्या डब्यात शिलिंगं साठवलेली आहेत. एक टाकलं की शेगडी पेटते, संपलं की भात अर्धकच्चा असतानाही विझते. म्हणून डाळ-तांदूळ एकावर एक डब्यांत, एकाच आचेवर. भाकरी गरम असतानाच मुलांच्या हातात. वीजही मधूनच दगा देते, तेव्हा मेणबत्ती हाताशी.

संध्याकाळी तुम्ही केलेला करार अमलात येतो. खाली मालकिणीच्या बैठकीच्या खोलीत शेगडी आहे. १९५२ च्या विषारी धुक्यानंतर चार वर्षांनी कायदा आला, तेव्हापासून या भागात ती धूर न करणारा कोकच जाळते. त्या शेगडीसमोर बसलं की गुडघे भाजतात आणि पाठ गोठते. एकटी बाई एका खोलीसाठी कोक जाळणार आणि डोक्यावर तुम्ही चौघं रॉकेल जाळणार, हा हिशेब तुम्हाला पटेना. तुम्हीच विचारलंत, पाचही जण एका खोलीत बसलो तर? तिला आधी अवघड वाटलं. तिच्या जन्मात बैठकीची खोली पाहुण्यांसाठी, स्वयंपाकघर कामासाठी, झोपायची खोली झोपेसाठी. एकाच जागी जेवायचं, अभ्यास करायचा, भांडायचं आणि तिथेच गाद्या घालायच्या, याची तिला सवय नाही. तुम्हाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

आता रोज सहा वाजता तुमचा हीटर विझतो आणि तुम्ही भातुकलीसारखा सगळा संसार घेऊन जिना उतरता. हीटर तिच्या पाठीमागे पेटवायचा, म्हणजे तिच्या शेगडीने पुढची आणि तुमच्या हीटरने मागची बाजू शेकते. थोरल्याने जागा वाटून दिल्यात: मालकिणीला खुर्ची, धाकटीला गालिचा, बाबांना दाराजवळची झुळूक. नऊला पिशव्या भरून वर.

आता थेट ६ मार्चवर या. या वर्षातली पहिली सकाळ, जेव्हा ब्रिटनमध्ये कुठेही दहिवर गोठलं नाही. सगळे आनंदात, आणि त्याच दिवसांत घरं गळायला लागतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. पाइप जानेवारीतच तडकले होते, बर्फाने स्वतःच बूच लावून ठेवलं होतं, एवढंच. तुमच्या माळ्यावरून धार लागते. मुख्य चावी बंद करा, बादल्या लावा, प्लंबरची वाट पाहू नका. तो आख्ख्या गल्लीला हवाय.

बोळे काढून दुसरी खोली उघडता. गादी दमट, कोपऱ्यात काळी बुरशी, पण खोली आहे. तुम्ही सोड्याच्या पाण्याने भिंत घासत असता तेव्हा मालकीण दारात येते. “उन्हाळ्यात कोकचे भाव उतरतात, डिअर. पुढच्या वर्षीचं जूनमध्येच भरून ठेवावं.”

आगोटीला तांदूळ, डाळी, पापड भरून ठेवणाऱ्या घरातली तुम्ही. हे आधी का नाही सांगितलं बाई! हात पुसून तुम्ही विचारता, जिन्याखाली किती पोती मावतील, आणि या खोलीतली पत्रा ठोकून बंद केलेली शेगडी उघडून दिलीत तर भाडं किती वाढवाल?