पन्नासचं मन्वंतर

बंगालीतून मराठीत अनुवाद करताना ‘मन्वंतर’ हा शब्द चकवतो. आपल्याकडे मन्वंतर म्हणजे युगपालट, बहुधा स्वागतार्हच. बंगालीत तो दुष्काळ. बंगाली सन १३५० मधला, म्हणून ‘पन्नासचं मन्वंतर’. आपण त्याला १९४३ चा बंगालचा दुष्काळ म्हणतो. सरकारी भाषेत मात्र तो दुष्काळ नव्हता. तसं जाहीर केलं असतं, तर दुष्काळ-संहितेप्रमाणे ठरलेलं धान्य द्यावं लागलं असतं, आणि तेवढं धान्य आपल्याकडे नाही, असं बंगाल सरकारचं म्हणणं होतं. शब्द टाळला, जबाबदारी टळली.

भुकेच्या बातम्या देशी पत्रं देत होतीच, युद्धकाळातल्या निर्बंधांतून वाट काढत. पण ती दिल्लीला प्रचार वाटत आणि लंडनला तर ती वाचताच येत नसत. मग २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारी ‘स्टेट्समन’ने कलकत्त्याच्या रस्त्यांवरच्या हाडकुळ्या, मरणोन्मुख माणसांची छायाचित्रं छापली. पत्र इंग्रज मालकीचं, संपादक इयन स्टीफन्स हाही इंग्रज. मजकुरावर बंधनं होती, फोटोंचा विचार कुणी केला नव्हता. ही फट त्याने हेरली. पुढच्या रविवारी आणखी फोटो आले, पाठोपाठ सरकारला झोडपणारे अग्रलेखही. आता बातमी समुद्रापार गेली. ऑक्टोबरअखेर नवे व्हाइसरॉय वेव्हल कलकत्त्याला आले आणि मदतकार्याला लष्कर जुंपलं गेलं.

स्टीफन्सचं धाडस खरंच होतं. अमर्त्य सेन यांनीही त्याचं श्रेय त्याला दिलं आहे, आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात त्यांनी तो दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता. मला सलतं ते वेगळंच. मेलेल्यांचा आकडा चौकशी आयोगाच्या हिशेबाने १५ लाख, सेन यांच्या हिशेबाने ३० लाखांच्या आसपास. एवढे मृत्यू ‘बातमी’ व्हायला साहेबाच्या न्याहारीच्या टेबलावरचं पत्र लागलं. फोटोला अनुवाद लागत नाही म्हणतात. त्याला छापखाना मात्र वजनदार लागतो.

त्याच वर्षी चित्रप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून पायी हिंडला. त्याने काढलेल्या रेखाटनांखाली माणसांची नावं आहेत, गावं आहेत. ‘हंग्री बेंगॉल’ ही त्याची पुस्तिका सरकारने जप्त करून जाळली. पुढे तो मुंबईला आला आणि अंधेरीच्या एका खोलीत वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिला.