जपानमधील विद्युत् बाजार-सुधारणा

इंधनासाठी मुख्यत्वे आयातीवर अवलंबून असलेल्या जपानने वीजक्षेत्रातील प्रादेशिक मक्तेदारी मोडण्यासाठी व नवीकरणीय ऊर्जेस वाव देण्यासाठी केलेले बदल. १९५१ मध्ये देशात नऊ खाजगी प्रादेशिक कंपन्या स्थापन झाल्या. निर्मिती, प्रेषण व वितरण ही तिन्ही कामे प्रत्येक कंपनी आपल्या प्रदेशात एकहाती करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकिओत जर्मन, तर ओसाकात अमेरिकन जनित्रे आल्यामुळे पूर्वेस ५० व पश्चिमेस ६० हर्ट्‌झ कंप्रता रूढ झाली होती. ही विभागणी कायम राहिली. १९९५ पासून स्वतंत्र उत्पादकांना व २००० पासून मोठ्या ग्राहकांना बाजार खुला झाला. परंतु प्रेषणजाल जुन्या कंपन्यांकडेच राहिले.

या रचनेतील उणीव मार्च २०११ च्या भूकंपानंतर उघड झाली. फुकुशिमाचे अणुवीजकेंद्र बंद पडून टोकिओ परिसरात आळीपाळीने वीजकपात करावी लागली. पश्चिमेकडून मात्र कंप्रता-परिवर्तक केंद्रांद्वारे सुमारे १० लाख किवॉ. एवढीच वीज आणता येत होती. त्यानंतर जुलै २०१२ मध्ये नवीकरणीय विजेच्या निश्चित दराने खरेदीची योजना अंमलात आली. एप्रिल २०१६ मध्ये किरकोळ विक्री सर्व ग्राहकांसाठी खुली झाली आणि एप्रिल २०२० पर्यंत, ओकिनावा वगळता, प्रेषण व वितरण स्वतंत्र कंपन्यांकडे सोपविण्यात आले.

सौर वीज झपाट्याने वाढली. तथापि ऑक्टोबर २०१८ पासून क्यूशू बेटावर अतिरिक्त सौर वीजनिर्मिती वेळोवेळी थांबवावी लागली. परिवर्तनक्षमता २०२१ मध्ये २१ लाख किवॉ. झाली. बाजार कायद्याने खुला झाला, तरी प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्यांची वाढ त्यामानाने मंदच राहिली.