फुल्यांचे निवेदन : मन वळवण्याच्या तीन वाटा

१/ दि. १९ ऑक्टोबर १८८२. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगासाठी लिहिलेल्या इंग्रजी निवेदनावर ही तारीख आहे. त्यातील एक प्रमुख मागणी अशी : किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे.

२/ स्वतःच्या हाती सत्ता नसताना सत्ताधाऱ्याला एखादी गोष्ट पटवायची कशी? इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने याची तीन साधने सांगितली : बोलणाऱ्याची विश्वासार्हता (एथॉस), तर्क (लॉगॉस) आणि भावना (पॅथॉस). फुल्यांनी ही विभागणी समोर ठेवून लिहिले, असे नव्हे. पण तिच्या आधारे त्यांचे निवेदन अधिक उलगडते.

३/ प्रथम विश्वासार्हता. फुले आरंभीच आपला अनुभव सांगतात : मुलींची शाळा काढली, पत्नीसह तिथे अनेक वर्षे काम केले. शेवटी सही करताना सत्यशोधक समाजाचा उल्लेख नाही; तिथे आहे व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. आयोगाला ही ओळख कळणारी होती : हा माणूस कर भरतो, शेती जाणतो, कारभार पाहतो.

४/ मग तर्क. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो. पैसा ज्याचा, त्याच्याच मुलाला शाळा नाही. हिशेब ठेवणाऱ्या सरकारपुढे फुल्यांनी हिशेबच मांडला. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, असेही ते नोंदवतात.

५/ विरोधी पक्षाचा सिद्धांत तयार होता : वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. फुले तो सरळ नाकारत बसत नाहीत, प्रश्न विचारतात. शिकलेल्यांपैकी कोणी अडाणी बांधवांसाठी आपल्या घरी वर्ग चालवले का? की ज्ञान स्वतःपाशीच ठेवले? उत्तर त्यांनी लिहिलेले नाही. ते श्रोत्यालाच द्यावे लागते, आणि स्वतः दिलेले उत्तर नाकारणे अवघड असते.

६/ भावना कुठे आहे? रयतेच्या घामाच्या उल्लेखात. पण तो घाम महसुलाच्या हिशेबातच येतो. करुणा तर्काला चिकटलेली असल्यामुळे ती बाजूला सारता येत नाही. नुसती करुणा असती तर आयोगाने सहानुभूती दाखवून कागद मिटला असता.

७/ मग फुले जिंकले का? तत्काळ नाही. आयोगाने प्राथमिक शिक्षणाच्या विस्तारावर भर दिला, पण सक्तीची शिफारस केली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयकही पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली ती १९१८ साली. शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी.

८/ म्हणजे उत्तम युक्तिवादही हरू शकतो. श्रोत्याचे हितसंबंध आड आले की पटूनही न पटल्यासारखे होते. तरीही नीट मांडलेला युक्तिवाद कागदावर उरतो आणि पुढच्या पिढीला तो नव्याने रचावा लागत नाही.

९/ पुढच्या वेळी एखादे भाषण ऐकून भारावलात, तर तीन प्रश्न विचारा. बोलणाऱ्यावर विश्वास का ठेवावा? त्याचा हिशेब जुळतो का? आणि मनात उसळलेली भावना त्या हिशेबातून आली, की हिशेब झाकण्यासाठी आणली गेली?